गच्च धरलेला जबडा

३ जून, देगलूर
लातूरहून सकाळच्या एसटीनं आले. दातांचा दवाखाना छान आहे, बाजाराच्या रस्त्यालाच, पेशंटची खुर्ची अजून नव्यासारखी. आधीच्या डॉक्टरांनी मध्येच सोडलं म्हणून ही जागा मला मिळाली. मदतनीस खातूनबींनी दुपारी भाकरी आणि अंबाड्याची भाजी खाऊ घातली. बाहेर मराठी, तेलुगू, कन्नड सगळं एकदम कानावर येतं. इथं मन रमेल.

५ जून
बिलोलीकडचे श्रीमंत नावाचे शेतकरी दाढ काढायला आले. माणूस धिप्पाड, पण खुर्चीत टेकताच तळहात गार, कपाळावर घाम, नाडी नुसती पळत होती. भूल लागेना. घाबरलेल्या शरीराला दुखणं जास्त जाणवतं, औषधही नीट काम करत नाही. सावकाश श्वास घ्यायला लावला, तेव्हा कुठे दाढ निघाली. जाताना म्हणाले, "बाई, जबडा लई गच्च धरला तुम्ही."
मी धरला नव्हता. भीतीनं स्नायू आवळतात, असं त्यांना समजावलं.

९ जून
आज दात काढल्यावर पेशंट दानम्माही तेच म्हणाल्या. त्यांच्या हनुवटीखाली बोटांचे निळसर वळ होते. माझी बोटं त्यांवर ठेवून पाहिली. वळ कितीतरी लांब.
खातूनबींना खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, आधीचे डॉक्टर एकदा स्वतःच्या दातासाठी या खुर्चीत बसले, त्यानंतर त्यांची वाचाच गेली.

१२ जून
माझीच दाढ ठणकतेय. नांदेडचे डॉ. सुदर्शन रविवारी येतात, तेच बघतील. खातूनबी म्हणाल्या, नांदेडलाच जाऊन दाखवा. मी हसले.

१४ जून
बसले. तोंड कोरडं. छातीतली धडधड कानात. ही भीती आहे, नुसती भीती, असं मनाशी म्हणत राहिले. सुदर्शन पाठमोरे, सुई भरत होते. तेवढ्यात हनुवटीवर मागून गार बोटं—
खातूनबी समोर दारात होत्या. माझ्या मागं बघत होत्या.
पळत खोलीवर आले.

१५ जून
दाढ दुखत नाही. तोंड उघडत नाही. पाणीसुद्धा जाईना. सुदर्शन फोनवर म्हणाले, धसक्यानं जबडा आखडलाय, सुटेल. मीही पेशंटना हेच—
खातूनबी दार वाजवताहेत. हाका मारताहेत. मला ओ देता येत नाही.
उठायचंय. मान मागं ओढली जातेय. मी नाही ओढत—
तोंड उघडतंय. आपोआप. पुरे आता, एवढं उघडत नस—