कमानीतला खिळा

येशू–मरिया–योसेफ
रिओ होंडो, टेक्सास
शुक्रवार, ३ मार्च २००६

ती. वन्सं ओब्दुलिया यांस,
एदुविहेसचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. फोनवर बोलताना माझा एक डोळा घड्याळावर असतो, त्यापेक्षा पत्र बरं. उपासाचे दिवस लागले. आज शुक्रवार म्हणून मसूर आणि निवडुंगाची भाजी केली.

वन्सं, तुमचे भाऊ थकले आहेत. ओलं चामडं पायाच्या मापाच्या लाकडी फर्म्यावर ताणून बसवायला अंगठ्यात जोर लागतो, तो राहिला नाही. आपला कारागीर चेमा जानेवारीत लेकीकडे राहायला गेला. जाताना आपली हातोडी घेऊन गेला, तेव्हाच मी समजले की हा परत येत नाही. आता दुकानात आम्ही दोघंच, आणि दोघांचं मिळून एक धड माणूस होतं. बुटाच्या चवड्यावरचं फूल मी अजून मशीनवर शिवते, पण डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही सुईत दोरा ओवायला दारात उन्हात जावं लागतं. मूल देवानं दिलं नाही, तेव्हा आमच्यामागे कोण हा प्रश्नच नाही.

तर मुद्दा असा. डॅलसच्या एका कंपनीचा हॅडली म्हणून माणूस आला होता. पोरगा सभ्य आहे, दोनदा भाजी मागून खाल्ली. त्यांना ‘अरेदोंदो’ हे आपलं नाव हवं आहे आणि बुटावरचं फूल. बूट परदेशात होतील, नाव आपलं लागेल. ह्यांनी फक्त शनिवारी त्यांच्या इकडच्या दुकानाच्या खिडकीत एप्रन बांधून बसायचं, लोकांना दिसेल असं. मामंजींनी दुकान तुम्हा दोघा भावंडांच्या नावे ठेवलं, म्हणून तुमची सही लागते. कागद सोबत आहेत. ईस्टरपर्यंत करून पाठवा. ह्यांनी केली आहे.

गुडघ्यांना कापूर-तेल लावता ना? लोभ आहेच, तो दूर राहिल्यानं कमी होऊ देऊ नका.

आपली,
एदुविहेस

---

शिकागो
११ मार्च २००६

चि. सौ. एदुविहेस हिस अ. उ. आ.

कागद पोचले. सही करणार नाही.

माझा भाऊ खिडकीत बसवायला माकड आहे का? डमरू कोण वाजवणार, तू? बाबांनी चाळीस वर्षं गुराख्यांचे बूट केले, ते हॅडलीच्या पोरानं भाजी खाऊन घेऊन जावेत म्हणून नव्हे. तू त्याला वाढलीसच कशाला? वाढलं की माणूस मागतोच.

आणि एवढं विचार त्याला: बाबांचा खिळा घालणार आहेत का ते? घराच्या तुळईला मारतात तो भला लांब खिळा, ऐरणीवर ठोकून चपटा करून पायाच्या कमानीखाली, चामड्याच्या दोन थरांत. बाबा म्हणायचे की गुराखी दिवसभर रिकिबीत उभा असतो, त्याच्या सगळ्या वजनाला खालून कुणीतरी धरायला हवं. लहानपणी मी सकाळी घड्याळानं उठले नाही, त्या ठोक्यांनी उठले. खिळा घालणार असतील तर पुढचं बोलू. नसतील तर तो अरेदोंदो बूट नाही, रंगवलेली सपात आहे.

इथे अजून बर्फ आहे. धुलाईच्या कारखान्यातली पेन्शन वेळेवर येते. आन्सेल्मोला सांग की बहिणीनं कान धरला म्हणून समज.

तुझी वन्सं असले तरी तुझ्याच बाजूची,
ओब्दुलिया

---

येशू–मरिया–योसेफ
रिओ होंडो
सोमवार, ३ एप्रिल २००६

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. माकडाचं वगळून.

राग मानू नका, पण तुम्ही लग्न होऊन उत्तरेला गेलात त्याला आता तुमचे केस पांढरे होण्याइतका काळ झाला. दुकान दुरून फार छान दिसतं. रोज त्याचा केर मी काढते. तुम्हाला ठोके आठवतात. मला ठोक्यांनंतर ह्यांचा हात दिसतो, मिठाच्या गरम पाण्यात धरलेला.

खिळ्याचं हॅडलीला विचारलं. तो म्हणाला की खिळा घालता येणार नाही, विमानतळावरचं यंत्र ओरडतं, गिऱ्हाइकांना आवडत नाही. मला वाटलं हे आता ऐरणच फेकून मारतील. हे म्हणाले, बरं. नुसतं बरं, आणि चहाचा कप बाजूला सरकवला. वन्सं, तुमच्या नकारापेक्षा मला त्या ‘बरं’ची जास्त भीती वाटली.

कंपनीनं नमुन्याचा जोड पाठवला. दिसायला आपलाच. नाव आपलं, फूलही कुणीतरी फोटोवरून काढलेलं, पाकळ्या मोजून बरोबर. हे घालून मिसाला गेले. मऊ आहे म्हणाले, टाच जराही सरकत नाही म्हणाले. आपला बूट नवीन असताना टाच सरकतेच, तळ वाकायला शिकला की मग बसते. हे तुम्हाला मी काय सांगणार. तर मलाही वाटलं, बरं झालं, जग पुढे गेलं.

परवा शनिवारी देवळात ईस्टरपर्यंत मूर्ती झाकायचे जांभळे कपडे चढवायचे होते. दरवर्षीप्रमाणे हे शिडीवर चढले. संत योसेफाला कपडा नीट बसेना, म्हणून बराच वेळ एकाच पायरीवर उभे होते. शिडीची पायरी म्हणजे रिकीबच की. उतरले ते लंगडतच. बाकावर बसून बूट काढला आणि त्याच्या आत हात घालून चाचपत राहिले. पाद्रीबुवांनी विचारलं काय झालं. हे म्हणाले, पायाखाली कुणी नाही.

तरीही ते सही मागे घेत नाहीत. ह्यांची दमणूक पत्रात लिहिता येत नाही. तुम्ही या. ईस्टरला या, बघा आणि मग सही करा किंवा करू नका. तुमची खोली झाडून ठेवते.

लोभात कसर नाही, वाद असला तरी.

एदुविहेस

---

शिकागो
२२ एप्रिल २००६

चि. सौ. एदुविहेस हिस अ. उ. आ.

सुखरूप पोचले, पण काय तमाशा झाला ते ऐक. तुझ्याकडल्या पेटीतले माझे जुने बूट, बाबांनी केलेले, मी घालून निघाले ना? विमानतळावर यंत्र बोंबललं. बूट काढा म्हणाले. पाय सुजलेले, बूट निघेना. मला खुर्चीत बसवून दोन शिपाई एकेक पाय ओढत होते आणि मागची रांग बघत होती. एकानं विचारलं की आत काय आहे. म्हटलं, माझा बाप आहे. बिचारा हळू ओढायला लागला.

विमानात मात्र रडले. ईस्टरच्या जेवणानंतर आन्सेल्मो रीतीप्रमाणे रंगीत कागदाच्या कपट्यांनी भरलेलं अंडं माझ्या डोक्यावर फोडायला आला, लहानपणी यायचा तसाच दबकत. त्याची बोटं मिटली नाहीत. अंडं खाली पडून फुटलं, आणि तो हसला म्हणून सगळे हसलो. चामडं ताणणारे ते हात. एका अंड्याला धरू शकले नाहीत. तू वाकून कपटे गोळा केलेस आणि डब्यात भरून ठेवलेस, पुढच्या वर्षी होतील म्हणून.

सही केली आहे. कागद सोबत. नाव बाबांचं होतं, आम्हा दोघांना दिलं होतं, ते आम्ही देतो. आन्सेल्मोला खिडकीत बसवायचं कलम मी खोडलं आहे, आणि फुलाचंही. कागदात लिहिलंय की फूल अरेदोंदो भावंडांच्या मालकीचं. कोण म्हणतं? सगळं गाव बाबांचं फूल म्हणतं म्हणून तूही म्हणायला लागलीस? तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी कुंपणावरच्या निवडुंगाचं फूल खडूनं चामड्यावर काढलंस, आणि बाबा म्हणाले की सुनेनं काटेरी झाडाची चांगली बाजू पाहिली. मी तिथेच होते, उत्तरेला जायची माझी पेटी भरत होते. आधीच्या बुटांवर साध्या दोन रेघा असायच्या; माझ्या जोडावर बघितल्यास की नाही? फुलावर माझी सही चालत नाही, बाई. ते तुझं आहे. द्यायचं तर तू दे.

आन्सेल्मोचे हात उन्हात ठेव. आशीर्वाद आहेतच, आता थोडी विश्रांतीही घ्या.

ओब्दुलिया

---

येशू–मरिया–योसेफ
रिओ होंडो
शुक्रवार, ९ जून २००६

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. दुकान आवरत होतो. गिऱ्हाइकांचे फर्मे, ज्याचे त्याला बोलावून दिले. गेलेल्यांचे त्यांच्या घरी नेऊन दिले. एका विधवेनं नवऱ्याच्या पायाचा लाकडी फर्मा मांडीवर घेतला आणि आम्हाला बसाही म्हणाली नाही, ते बरोबरच होतं.

हॅडलीला मी स्वतः सांगितलं की फूल मिळणार नाही. त्यानं विचारलं की तुम्हाला आता त्याचा काय उपयोग. मी परत नाही म्हटलं. नाव घेऊन गेले. त्यांच्या बुटावर आता चांदणी असेल म्हणे. आडनावाचा आपला एकच हक्क उरला, दारावर आणि थडग्यावर.

मग एके दिवशी हे मला म्हणाले की पाय पुढे कर. मला वाटलं, माझी तुटकी चप्पल ह्यांना दिसली. तर फीत काढून माझं माप घ्यायला लागले. वन्सं, इतकी वर्षं बूटवाल्याच्या घरात, पण चामडं विकायचं असतं म्हणून मी कधी जोड मागितला नाही आणि ह्यांना कधी सुचलं नाही. मी म्हटलं, हात दुखतील. म्हणाले, दुखतातच.

फार दिवस लागले. चामडं ताणायला मी एक बाजू धरली, त्यांनी दुसरी. फूल मी शिवलं, आणि स्वतःसाठी शिवताना पहिल्यांदाच एक पाकळी चुकली. उसवू दिलं नाही त्यांनी. खिळा मात्र एकट्यानं ठोकला. दोन्ही हातांनी हातोडी धरून, ठोक्याठोक्याला थांबत. शेजारीण विचारायला आली की दुकान परत उघडलं का.

काल घालून देवळात गेले. घट्ट आहेत, जड आहेत, आणि टाच सरकते. हे म्हणाले, सरकू दे, चालशील तशी बसेल. आता चालायचं तेवढं बाकी.

पाकिटात उरलेला एक खिळा घातला आहे, ठोकलेला, तुमच्यासाठी. पोस्टातल्या मुलीनं वजन करताना विचारलं की आत एवढं टणक काय आहे. म्हटलं, आमच्या घरचं माणूस आहे, सांभाळून ने.

पोचल्याचं कळवा. लोभ असावा, दोघांवर.

तुमची,
एदुविहेस