नेमसिंगच्या विहिरीतला हिरा

बोरी अरब

आदरणीय धम्मरत्नभाऊ यांस, तुमच्या जवाई उकंडाचा सप्रेम जयभीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला थांबला का? माही तब्येत ठणठणीत आहे. (पोस्टमन म्हणून बत्तीस वर्षं लोकाइची पत्रं वाटली, सोताचं लिवून राह्यलो हे पयलंच. फोन काहून नाही केला म्हणाल, तं तुमचा फोन तुमची बहीण उचलते, माहा आवाज आइकते आन् ठेवून देते.)

जयानं तुमाले काय सांगतलं मले माहीत नाही, म्हणून माही बाजू आइका. शेजारच्या नेमसिंगच्या विहिरीत सुरुंग लावले, तं काळ्या दगडाच्या पोटातून निंघालेला एक खडा माह्या हाती लागला. निंबोळीएवढा, पाण्यावानी साफ. हिरा काच कापते हे मले पक्कं माहीत होतं. म्हणून पयले खिडकीवर रेघ ओढली, मंग तुम्ही आमच्या लग्नात देल्लेल्या कपाटाच्या आरशावर. (तिथं जोशात येऊन पूर्ण सहीच केली.) काच कापली ना भाऊ, आता आणखी काय पुरावा पाह्यजे? साऱ्या मोहल्ल्यात पेढे वाटले. नेमसिंगले दोन जास्त देल्ले, विहीर त्याची होती म्हणून. जया म्हणे, आधी सोनाराले तं दाखवा. आइकते कोण.

शेवटी दोघंही दारव्ह्याले गेलो. सोनारानं भिंग लावलं आन् हासला. म्हणे, ही गारगोटी, आपल्या काळ्या दगडाच्या पोकळीत पाणी झिरपून जमते, काच हिनंही कापल्या जाते. हिरा तं दीडशे किलोमीटर खाली दाबात तयार होते (म्हणजे यवतमाळहून नागपूर जेवढं, तेवढं सरळ खाली), अब्जावधी वर्षं पडून राह्यते, मंग ज्वालामुखी त्याले वर आणते. फरक दाखवाले त्यानं खऱ्या हिऱ्याची चमकी काढली. काय सांगू भाऊ, ज्वारीच्या दाण्याहून बारीक, पण जराशी मान हालवली का निळा, मंग लाल. मी पाह्यतच राह्यलो. सोनार सहज बोलून गेला, का वहिनी (म्हणजे आपली जया) दर बाजाराले येते, ही चमकी नाकाले लावते, आरशात पाह्यते, वापस देते. मले हे माहीतच नव्हतं.

तिथंच चूप राह्यलो असतो तं बरं होतं. पण माही इज्जत गेलती. जीपमध्ये बसलो आन् साऱ्या सवाऱ्याइपुढं म्हटलं, का तुह्या हावेपायी माही फजिती झाली. तिनं माह्याकडे पाह्यलं.

"म्या कधी मागतला?"

एवढंच बोलून उतरली आन् तुमच्या घरी आली. मले वाटलं, येईल सांजेलोक. आज तेवीस दिवस झाले.

असो. भावाचं घर आहे, राहू द्या तिले. मले काही घाई नाही. सैपाक जमते.

आपला,
उकंडा

ता.क. : सैपाक जमत नाही. वरण तीन खेपा करपलं.

दुसरा ता.क. : घर लय मोठं झालं भाऊ. सकाळी भांड्याइचा आवाज नाही. काल म्या सोताच एक गंज खाली पाडून पाह्यला. तसा आवाज नाही आला.

तिसरा ता.क. : आता पुढचं तिच्यासमोर मोठ्यानं वाचा. जया, तुनं कधीच नाही मागतला. म्याच एकदा विचाराले पाह्यजे होतं. बुधवारी पयल्या जीपनं येतो, माह्यासंग सोनाराकडे चाल. घेणं होईल का नाही सांगता येत नाही, पण तुह्या नाकात हिरा कसा दिसते, ते त्या सोनारानं पाह्यलं, म्या अजून पाह्यलं नाही.