विनूची किक

अंधेरी, रविवार, २१ नोव्हेंबर १९५४

विनूचा उजवा पाय लुळा, म्हणून साकीनाक्याच्या मिस्त्रीने मोटारसायकलचा गिअर हाताशी आणून दिला. राहिली फक्त किक. ती रोज मीच मारायची, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. लहानपणी त्याला चालायला शिकवताना म्हणायचो, ती शाळेतली कविता सकाळी किक मारायला पाय उचलताना ओठांवर आली.

"बाबा, कविता राहू दे ना! गाडी जरा उतारावर धरा."

धरली. डाव्या पायाने त्याने रेटा दिला, गाडी घरंगळली, क्लच सोडताच धडधडली. किक लागलीच नाही! बघता बघता वळणाआड गेला.

हेच हवं होतं ना मला? मग किक... असो.

कवितेच्या उरलेल्या ओळी मी रिकाम्या उतारावर एकट्यानेच म्हटल्या.