गाठ मारलेल्या पिशव्या

१४ मार्च, सकाळ

ती. मावशींना नमस्कार.

तुम्हाला काय म्हणावं यावर दोन कागद फाडून झाले. 'आई' म्हणायचा मला हक्क नाही, आणि 'बाई' लिहिलं तर शाळेत तक्रार करतेय असं वाटतं. तेव्हा मावशी. पटत नसेल तर खोडा, पण पुढचं वाचा.

इकडे सगळे बरे आहेत. तुमचे जावई वेळेवर जातात आणि उशिरा येतात. तुमची नात शाळेत रमते. परवा तिच्या बाईंनी तिचं चित्र वर्गात भिंतीवर लावलं. चित्रात घर आहे आणि घराला फक्त कपाटं आहेत. 'खारू' हे नाव तिच्या आईनेच ठेवलं होतं ना, वस्तू लपवण्याच्या सवयीवरून? सवय अजून आहे. माझ्या मोज्यांचा जोड कधीच पुरा नसतो.

थंडी सरली. गल्लीतल्या झाडांना पालवी फुटलीय आणि दुपारी खिडक्या उघड्या ठेवता येतात. मासिकाचा वसंत अंक याच दिवसांत निघतो, त्यामुळे माझी नुसती लगीनघाई. मी त्यात घराचं पान लिहिते हे तुमच्या कानावर आलं असेलच. जाड पडदे उतरवा, फिके कपडे वर काढा, कोवळ्या मटाराचं सूप करा, लिंबाच्या सालीने बेसिन घासा, असलं सगळं. वाचणाऱ्यांना वाटतं, हिचं घर कसं लखलखत असेल. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. यंदा म्हटलं, आधी स्वतःचं घर आवरायला काढू.

'स्वतःचं' लिहिलं खरं. पण मावशी, हे घर तुमच्या लेकीचं आहे, आणि ते मला रोज तसं सांगतं. ती उंच होती हे मला कोणी सांगितलं नव्हतं, स्वयंपाकघराने सांगितलं. साखरेचा डबा, चहाची गाळणी, खिळ्यावरचा टॉवेल, सगळं तिच्या हाताला येईल असं. मी दिवसभर स्टूल सरकवत फिरते. मागे एकदा डबे खालच्या फळीवर आणले. तुमच्या जावयांनी न बघता वर हात घातला, तिथे काहीच नव्हतं, आणि हात तसाच वर राहिला. मी डबे परत वर नेऊन ठेवले.

तिचं शिलाई मशीन अजून खिडकीशीच आहे. खिडक्या उघडल्यापासून कधी कधी त्याचं पायडल हलतं. वारा असतो. एका दुपारी मी खिडकी लावली तरी हललं. मग रस्त्यावरून ट्रक गेला असणार. खाली बघायला मी गेले नाही.

काचा पुसायला घेतल्या तेव्हा खालच्या खणात फडक्यांची चळत सापडली. सगळी चौकोनी कापलेली, कडा दुमडून शिवलेल्या. फडक्याच्या कडा कोण शिवतं? मी एक घेऊन काच पुसायला लागले, तर मागून खारू म्हणाली, "तो आईचा पिवळा ड्रेस आहे. वाढदिवसाचा." मी हातातल्या फडक्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "पूस ना. त्यासाठीच आहे तो." पुसली काच. काय करणार.

इथपर्यंतचं सगळं पाल्हाळ आहे, हे तुम्ही ओळखलं असेल. नमनाला घडाभर तेल झालं.

गेल्या आठवड्यात आतल्या खोलीतलं मोठं कपाट रिकामं केलं. का केलं ते पुढे सांगते. अगदी मागे, गाद्यांच्या खोळींखाली, एक प्लास्टिकची पिशवी होती, गच्च गाठ मारलेली. आत राखाडी स्वेटर, कोपरांवर ठिगळं. आता माझी नजर ही अशी. न धुतलेली लोकर बांधून ठेवली की तिला कसर लागते, हे मी दर वर्षी त्या पानावर लिहिते. यंदाही लिहिलंय. कोणीतरी धुवायचा विसरलं, असं मला वाटलं. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचा नाही, सावलीत दोरीवर घालायचा. इतक्या काळजीने धुतला मी तो, मावशी. इतक्या काळजीने.

मला कोणी सांगितलं नव्हतं की रविवारी मी बाजारात गेले की बापलेक ती गाठ सोडतात, एकेकदा नाक लावतात आणि पुन्हा बांधतात. सांगणार तरी कसं?

संध्याकाळी तुमचे जावई आले आणि दोरीसमोर उभे राहिले. चिमटे एकेक करून काढले. मग म्हणाले, "बरं झालं. कसर लागली असती." आणि स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासलेली भांडी घासत बसले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी सुटले असते.

खारूने स्वेटर तोंडावर धरला, उलटा केला, बाह्यांत नाक घातलं. रडली नाही. म्हणाली, "आता याला तुझा वास येतो."

त्या दिवसापासून घरात काहीतरी नाहीसं झालंय. या घराचा म्हणून एक वास होता, मी तो घराचाच समजत होते. तो आता कुठेच नाही. आणि मीच, जिने तुमच्या लेकीला कधी पाहिलंही नाही, तो शोधत फिरते. गादीच्या शिवणीत, मशीनच्या खणात, दाराच्या कडीला. एका दुपारी रिकाम्या कपाटातून श्वास ऐकू आला. दार उघडलं तर आत खारू, गुडघे पोटाशी घेऊन, नाक लाकडाला टेकवलेलं. "इथे थोडासा आहे," म्हणाली. मीही आत शिरून बसले. मला काही आला नाही. येतोय म्हणाले.

मग आम्ही दोघींनी तो वास तयार करून बघायचं ठरवलं. वाटीत मशीनच्या तेलाचा थेंब, ओल्या फडक्यावर गरम इस्त्री, संत्र्याची साल. ती डोळे मिटून एकेक हुंगत होती, अगदी परीक्षा घेणाऱ्या बाईंसारखी. "तेल बरोबर आहे. इस्त्री पण. साल नको. पण अजून एक काहीतरी आहे, ते आजीच्या घरी पण येतं." आजीच्या घरी मी कधी आले नाही. तुम्ही लग्नाला आला नाहीत, आणि त्याचा मला राग नाही. तुमच्या जागी मीही आले नसते. तुमचा फोन आला की मी बाल्कनीत जाऊन उभी राहते, म्हणजे खारूला मोकळेपणाने बोलता यावं. पण त्या वेळी मला फार एकटं वाटतं, हेही आज लिहून टाकते.

आता कपाटाचं. आणि परवाचं.

परवा धुवायला खारूचे कपडेच निघेनात. बादली रिकामी. शोधत तिच्या पलंगाखाली झाडू घातला, तर पिशव्या निघाल्या, सगळ्या गच्च गाठी मारलेल्या. एकीत तिचा शाळेचा शर्ट, शाईच्या डागासकट. एकीत तिच्या बाबांचा बनियन. तिसरीत माझा स्वयंपाकाचा एप्रन होता. गेले कित्येक दिवस मी तो शोधत होते. हळदीचे हात पुसलेला, कळकट.

मी खालीच बसले. खारू शाळेतून आल्यावर विचारलं, "हा कशाला गं?"

"तू हॉस्पिटलमध्ये जाणारेस ना."

मावशी, मला दिवस गेलेत. उन्हाळा संपता संपता होईल. कपाट बाळाच्या कपड्यांसाठी रिकामं केलं. हे तुम्हाला कसं कळवावं ते सुचत नव्हतं, म्हणून आधी काचा पुसल्या, सूप सांगितलं. आम्ही खारूला नीट समजावून सांगितलं होतं, की मी हॉस्पिटलमध्ये जाईन आणि बाळ घेऊन येईन. ती "बरं" म्हणाली होती. पण तिची आईसुद्धा 'दोन दिवसांत येते' म्हणूनच हॉस्पिटलमध्ये गेली होती, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

"मी परत येणार आहे," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "पण तो धुऊ नकोस."

नाही धुतला. तिच्यादेखत पुन्हा गाठ मारून पलंगाखाली ठेवला. रात्री त्या पलंगाशेजारून जाताना मला चोरट्यासारखं होतं. आपण जिवंत असताना आपली पिशवी कुणीतरी बांधून ठेवलीय, याची भीती वाटते. आणि त्या पोरीने मलाही त्यात धरलं, म्हणून भरूनही येतं. दोन्ही एकदमच होतं.

या पत्रासोबत तो स्वेटर पाठवतेय. तुमच्या लेकीचे कपडे तुमच्याकडे असतील तर त्यांच्यात ठेवा, नाहीतर तुमच्या स्वतःच्या कपड्यांत ठेवा. परत वास लागतो का बघा. ही कल्पना खारूची. माझ्या मासिकात असलं काही छापून आलेलं नाही.

तिने एक निरोप दिलाय: स्वेटर पोस्टाने परत पाठवू नये, वाटेत वास उडून जातो. आजीने अंगात घालून आणावा.

माझंही तेच मागणं आहे, फक्त मी मोठी असल्यामुळे मला ते फिरवून मागावं लागलं. मी हॉस्पिटलमध्ये असेन तेव्हा या घरात तिला ओळखीच्या वासाचं कोणीतरी हवं. मी परत येईनच. आणि समजा नाहीच आले, तर मग जास्तच हवं. वरचे डबे तुमच्या हाताला येतील. तुम्हीही उंच आहात, असं खारू सांगते.

तिने मला पहिल्या दिवशी जे नाव दिलं ते अजून बदललेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्यासमोर तेच शोभतं. तेव्हा त्याच नावाने सही करते.

तुमच्या लेकीच्या घरातली,
पाहुणी