शेवटच्या भोकापर्यंत

प्रिय रँडल,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. आपल्या घटस्फोटाला नऊ वर्षं झाली, पण तू कोच असलेल्या कॉलेजच्या टीमचा एकही सामना मी चुकवलेला नाही. तुझी बायको असताना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुझ्याबरोबर शेकडो सामन्यांचे व्हिडिओ पाहिलेत मी. तेव्हा या बाईला फुटबॉलमधलं काय कळतं, असं निदान तू तरी म्हणू नकोस.

यंदा बारापैकी नऊ सामने हरलात. टीव्हीवर तू दुखापतींना दोष दिलास, पंचांना दिलास, एकदा तर चक्क वाऱ्याला दिलास. शेवटच्या सामन्यात तुझ्या सेंटरने दोन पायांमधून मागे द्यायचा चेंडू पाठीमागे झेलायला उभ्या क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून भिरकावला, तोही तीनदा. तो काय वारा होता? पाच वर्षांतला हा तुझा पाचवा सेंटर. पाचही दुसऱ्या कॉलेजांतून उचलून आणलेले. आले, एक मोसम खेळले, चालते झाले. तुला आयता माल लागतो. पोरगं घडवायला दोन-तीन वर्षं खपावं लागतं आणि तेवढा धीर तुझ्यात कधीच नव्हता, ना मैदानावर ना घरी.

ज्यांना घडवायला घेतलंस त्यांचं तरी काय केलंस? आपल्या गावचा जमारी आठवतो? शाळेत असताना त्याला अडवायला तिघे लागायचे. तू त्याला पहिलं वर्ष बाकावर बसवलंस. ते ठीक, सगळेच बसवतात. पण त्या वर्षात त्याला कोणी काही शिकवलं नाही, नुसतं खायला घातलं. वजन पंचवीस किलोंनी वाढवलंत, खेळायची जागा तीनदा बदललीत, आणि गुडघे गेल्यावर तू त्याचा फोनसुद्धा उचलला नाहीस. परवा टायरच्या दुकानात भेटला. “मिस डार्ला, कोचना माझी आठवण सांगा बरं का,” म्हणाला. त्याच्या मनात तुझ्याबद्दल अढी नाही. माझ्या आहे.

आता तुझ्या मुलाबद्दल. कोल्टन शाळेच्या टीममध्ये तीन मोसम सेंटर खेळला आणि एकदाही चेंडू कुणाच्या डोक्यावरून गेला नाही. त्यांचे कोच चेंडू साबणाच्या पाण्यात बुडवून सराव करायला लावतात, पावसात हात घसरू नये म्हणून. आमच्या अंगणात रोज शंभर वेळा तेच चालायचं, आणि क्वार्टरबॅकच्या जागी मी उभी. माझी दोन नखं गेली. खेळाडू घडवणं म्हणतात ते हे, रँडल.

जूनमध्ये तो तुमच्या निवड शिबिराला आला होता. तुझ्या सहायकाने त्याचे बूट काढायला लावले, भिंतीला उभं केलं आणि मला सांगितलं, “दीड इंच कमी पडतोय, मॅडम. आमचं कोष्टक ठरलेलं आहे.” कागदावर तुझंच आडनाव लिहिताना त्या बाबाने मान वर करून पाहिलं नाही. तू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतास. मी हात केला, तू घड्याळात पाहिलंस. खेळताना पोरगं कसं आहे हे तुमच्यातल्या एकानेही पाहिलं नाही. अशी टीम निवडतोस आणि मग वाऱ्याला शिव्या घालतोस.

तीन कॉलेजांनी त्याला जागा देऊ केली होती. तिघांनाही त्याने गेल्या आठवड्यापर्यंत लटकत ठेवलं, कारण तुझ्या पत्राची वाट पाहत होता. टपालपेटी दिवसातून चारदा उघडायचा. मी ओरडले तर म्हणाला, “मॉम, डॅड कामात असतील गं.” त्या क्षणी मला तुझा जो काही राग आला, तो या कागदावर मावणार नाही.

आज सकाळी पोरांनी आपापलं कॉलेज जाहीर करून सह्या करायचा कार्यक्रम झाला. शाळेच्या जिममध्ये सगळा गाव जमला होता. रीतीप्रमाणे टेबलावर त्या तीन कॉलेजांच्या टोप्या मांडलेल्या; ज्या कॉलेजात जायचं, त्याची डोक्यावर घालायची. कोल्टनने खिशातून चौथी काढून शेजारी ठेवली. तो नऊ वर्षांचा असताना तू दिलेली, तुझ्या कॉलेजची. मागचा पट्टा डोकं वाढेल तसा शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेला. तो तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला, मग शेजारची उचलून डोक्यावर घातली. ऑक्टोबरमध्ये त्या कॉलेजचे लोक तुमच्याच मैदानावर खेळायला येतात, तुला पाठच असेल. हे पत्र लिहायचं कारण या पाकिटातच आहे. गाडीत बसल्यावर त्याने ती जुनी टोपी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “डॅडना परत पाठव. पुढच्या सेंटरला होईल.”

आता तुझी कोणीच नसलेली,
कोल्टनची आई,
डार्ला