विमानाचा विमा

बाबा,

गेल्या महिन्यात मी एका विमानाचा विमा उतरवला. उज्जैनात, फ्रीगंजच्या आपल्या त्याच माडीवरच्या ऑफिसात, तुमच्याच टेबलाशी बसून. तुम्ही असता तर आधी चष्मा काढून पुसला असता आणि मग म्हणाला असता, "परत सांग, बेटा."

लहानपणी देवास रोडवरच्या हवाई पट्टीवर कुणी मंत्री उतरणार असला की तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचात. लोक मंत्री बघायचे, तुम्ही विमान. ते पांढरं छोटं विमान उन्हात उभं आहे, तुम्ही कुंपणाची तार धरून स्वतःशीच बोलताय, "याचा विमा कोण उतरवत असेल? कसा हिशेब लावत असतील?" टेम्पो, ट्रॅक्टर, पिठाच्या गिरण्या यांच्या विम्यात तुमचा जन्म गेला. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कधीच मिळालं नाही. मला आता मिळालंय, म्हणून लिहितेय.

देवास गेटजवळ नमकीनचं दुकान असलेले एक सेठजी आहेत. साठी उलटलेले, अंगाला कायम सेव-तेलाचा वास. दुकानाचा विमा आपल्याकडेच. ते एके दुपारी जिना चढून आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बेटी, हवाई जहाज का बीमा करती हो?" म्हातारपणी इंदूरला जाऊन त्यांनी विमान चालवायचं लायसन्स काढलं होतं आणि आता चार सीटांचं जुनं विमान विकत घ्यायला निघाले होते. मला हसू येणारच होतं, पण तुमचा तो टांगेवाला आठवला. घोड्याचा विमा मागायला आला होता, मी खिदळले होते. तो गेल्यावर तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "माणूस ज्याचा विमा मागतो ना, ते गमवायची त्याला भीती असते. भीतीला हसायचं नाही." मी सेठजींना एवढंच विचारलं, विमान कशाला हवंय? ते म्हणाले, "उमर भर कढ़ाई के सामने खड़ा रहा. धुआँ बहुत देखा, आसमान नहीं देखा."

मग सुरू झाली धावपळ. बँकेचे मॅनेजर म्हणाले, "ट्रॅक्टरचे हप्ते थकले तर ट्रॅक्टर ओढून आणतो. विमान कुठे शोधत फिरू?" त्यांना तारण म्हणून जमीन हवी होती आणि शिवाय विमानाची पॉलिसी, तीसुद्धा अशी की नुकसान झालं तर पैसा आधी बँकेला मिळावा. विमा कंपनीचे प्रश्न वेगळेच. विमान रात्री कुठे उभं राहणार, शेडमध्ये की उघड्यावर? गारा पडल्या तर? चालवणाऱ्याचं वय काय, आजवर किती तास उडालाय, त्यातले या जातीच्या विमानावर किती? मोटारीच्या विम्यात आपण मोटारीचं वय विचारतो, बाबा. इथे माणसालाच तोलतात. आणि सेठजींचं वय जास्त, तास कमी.

प्रीमियमचा आकडा आला तेव्हा मला वाटलं, एखादं शून्य जास्त पडलं. मुंबईला फोन लावला. पलीकडचे अधिकारी शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे, मॅडम." मग त्यांनी समजावलं की ही जोखीम एकटी कंपनी अंगावर घेत नाही. थोडी स्वतःकडे ठेवते, बाकीची दूरदेशीच्या कंपन्यांना वाटून देते. फोन ठेवून मी खिडकीशी गेले. समुद्रापलीकडे कुणी एक माणूस, ज्यानं उज्जैनचं नावही ऐकलं नसेल, तो आपल्या नमकीनवाल्या सेठजींच्या भीतीचा एक तुकडा स्वतःच्या खिशात ठेवणार. हा तुमच्या प्रश्नाचा हिशेब.

सेठजी आणि सेठाणी आकडा ऐकायला जोडीनं आले. सेठजी हळूच म्हणाले, "इतने में तो नई गाड़ी आ जाए. हर साल लगेगा?" हो, दर साल. शेडचं भाडं आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा. वर अट अशी की ठरलेले तास पुरे होईपर्यंत शेजारी अनुभवी पायलट बसलाच पाहिजे. त्यांच्या मुलांनी तर कर्जाच्या कागदांवर सही करायला आधीच नकार दिलेला. सेठजींनी हात जोडले, उठले. "रहने दो, बेटी."

"बैठो," सेठाणी म्हणाल्या. इतका वेळ त्या पदरानं वारा घेत होत्या. त्यांनी मला विचारलं, "गिर गया तो?" मी सांगितलं, आधी बँकेचं कर्ज फिटेल, उरलं ते तुम्हाला. खाली कुणाचं नुकसान झालं तर तेही कंपनी भरेल. "और ये?" त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. मी पॉलिसीचे कागद चाळू लागले. मग त्याच म्हणाल्या, "देवास रोड की ज़मीन मेरे नाम है. काग़ज़ बनाओ. लड़कों को दुकान मिल गई, इनको क्या मिला?" सेठजी मान खाली घालून डोळे पुसत होते. मी उगाच चहा सांगायला बाहेर गेले.

परवा सकाळी त्यांनी मला हवाई पट्टीवर बोलावलं. पुढे सेठजी आणि पायलट, मागे सेठाणी आणि मी. कधी काळी आपण जिथे बाहेरून बघायचो, तिथे मी आत, पट्टा बांधून. वर गेल्यावर क्षिप्रा दिसली, रामघाटाच्या पायऱ्या कंगव्याच्या दातांसारख्या बारीक, रस्त्यांवर मुंग्यांएवढे टेम्पो, मळ्यांत ट्रॅक्टर. तुम्ही ज्यांच्यासाठी जन्मभर स्कूटर झिजवली ते सगळं एका काचेत मावलं होतं. सेठजींची पाठ एखाद्या तरण्या माणसासारखी ताठ होती. सेठाणी खाली बघतच नव्हत्या, त्या पूर्ण वेळ त्या पाठीकडे बघत होत्या.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहू दे इथेच, तुमच्या टेबलाच्या खणात. एक गोष्ट तेवढी कुणाला सांगितलेली नाही. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा मी घाबरून "बाबा!" अशी मोठ्यानं हाक मारली. सेठाणींना वाटलं, मी बाबा महाकालांनाच साद घालतेय. त्यांनी माझा हात धरून "जय महाकाल" म्हटलं, आणि मी त्यांची समजूत तशीच राहू दिली.