माझ्या पोटाचे दोनशे शर्ट

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (हल्ली पोट आधी टेकतं आणि बाकीची अंगं अधांतरी राहतात, तेव्हा गोड मानून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामीचा खोकला थांबला का? माझी तब्येत चांगली आहे. नको तितकी चांगली आहे, आणि तीच तर रड आहे.

मला या शिवणकारखान्यात इस्त्रीच्या कामाला चिकटवलंत तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "बावीस बायकांत एकटा पुरुष, राजासारखा राहशील!" मामा, राजाला निदान स्वतःचं स्वच्छतागृह असतं. इथे एकच आहे, त्यावर 'महिला' अशी पाटी आहे, आणि मला रस्ता ओलांडून लाकडाच्या वखारीत जावं लागतं. (वखारवाला दर वेळी "आलात का साहेब?" म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो.) ट्यूब गेली की मला हाक, पाल निघाली की मला हाक. (पालीला त्या बावीसजणींपेक्षा मी जास्त घाबरतो, पण हे बोलायची सोय नाही.) माझं मतही विचारतात, पण ते कशाच्या विरुद्ध जायचं हे ठरवण्यापुरतं.

पण माझं खरं काम वेगळंच. पुरुषांचे शर्ट शिवायचे तर माप बघायला पुरुषाचं अंग हवं, आणि ते कारखान्यात एकच. कटिंगवाल्या अक्का तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरतात, मी हात पसरून उभा, आणि बाकीच्या माझ्या उतरत्या खांद्यांबद्दल मी तिथे नसल्यासारख्या बोलतात.

त्यात दुपारी बावीस डबे उघडायचे. एकीचं खाल्लं आणि दुसरीचं नाही, तर दुसरी दिवसभर तोंड फुगवून मशीन चालवणार. म्हणून मी सगळ्यांचं खायचो. केवळ कारखान्यात शांतता नांदावी म्हणून, मामा! चार महिन्यांत पोट चार इंच पुढे आलं. रोज बघणाऱ्याला असलं काही जाणवत नाही, आणि मी तर स्वतःला रोजच बघतो. मग चौकीदारांच्या गणवेशाची ऑर्डर आली. अक्कांनी नेहमीसारखं माझ्यावर माप धरलं आणि दोनशेच्या दोनशे शर्ट पोटासकट तयार झाले. चौकीदार निघाले सगळे काटकुळे. वारा आला की ते पुढून फुगायचे. सगळा माल परत आला.

मालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतः टेप लावला आणि म्हणाल्या, "महिन्यात पोट आत, नाहीतर मापाला मी पुतळा आणते." तेव्हापासून बावीसजणी माझ्यासमोर जेवतात आणि मी काकडी चावतो. अक्का घास मोजतात. बटणवाली मला वखारीपर्यंत पळवत नेते. येत्या सोमवारी महिना संपतोय, आणि खरं सांगतो मामा, मला भीती वाटते. माणसाने माणसाची जागा घेतली तर समजू शकतो, पण मुंडकं नसलेल्या पुतळ्याने मला घालवलं हे मी लोकांना कोणत्या तोंडाने सांगू? तेव्हा तुमच्या त्या गोदामवाल्या मित्राकडे, जिथे फक्त पुरुष आहेत, माझ्यासाठी शब्द टाका. इथे माझा जीव रमत नाही.

तुमचा भाचा

ता. क. गोदामाचं इतक्यात विचारू नका. काल मला नुसती शिंक आली तर सहा मशिनं थांबली आणि तिघींनी पाणी आणलं. गोदामात असं कोण करणार?

ता. क. २. पत्राचं खरं कारण हे की मामीच्या हातचं काहीही, मोठ्या डब्यात भरून, घरच्या पत्त्यावर पाठवा. कारखान्याच्या पत्त्यावर अजिबात नको.

(खाली वेगळं अक्षर)

मामा, नमस्कार. तुमच्या भाच्याने हे पत्र पेटीत टाकायला बटणवालीकडे दिलं. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. डबा पाठवू नका, अजून दीड इंच बाकी आहे. पुतळा आजच, हा वखारीत गेलेला असताना, आला होता. काखेत टोचतंय हे पुतळा सांगत नाही, असं आम्ही बावीसजणींनी मालकीणबाईंना सांगितलं आणि तो परत पाठवायला लावला. भाच्याला मात्र हे सोमवारपर्यंत कळवू नका, लगेच जेवायला बसेल.

– कटिंगवाल्या अक्का